शक्राची सकाळची नाडी

उम्म-रिम्सची पागा
८ नोव्हेंबर १९९९

काकांना मिझनाचा सलाम,

तंबूतल्या सगळ्यांना, लहानांना, म्हाताऱ्यांना आणि शेळ्यांनाही सलाम. ओदेहचा ट्रक उद्या सरहद्द ओलांडून तुमच्या सफावीकडे निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर तुम्ही नुसते ओरडता आणि मला काही कळत नाही, त्यापेक्षा हे बरं.

तुम्ही आमच्या मालकाला विकलेली घोडी, शक्रा, इथं रुळली. पण या जागेची मला शिसारी आली आहे, हे कुणाला तरी सांगायलाच हवं. पागेला संगमरवरी फरशी आहे, पंखे आहेत, रोज संध्याकाळी अत्तर शिंपडतात. घोड्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. शक्राचा अकरा. घोड्यांची तयारी करणारा बुर्हान स्वतःला कॅप्टन म्हणवतो. कुठल्या सैन्यात होता ते त्याच्या आईलाही माहीत नसेल. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चावतो आणि टरफलं घोड्यांच्या पाण्यात थुंकतो. मी एकदा बोलले, तर म्हणाला, "बाई, तू ठोके मोज."

मला घोड्यांची डॉक्टर म्हणून ठेवलंय, पण काम खरंच तेवढंच आहे. खोगिराच्या तंगाखाली, छातीला लागून एक पट्टा बसतो आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळात घोड्याच्या हृदयाचे ठोके दिसतात. पहाटे चंदी टाकायच्या आधी मोजायचे. आकडा रोजच्यासारखा असला तर घोडं ताजं आहे, पळवा. चढलेला असला तर कालचा शीण अंगात आहे, नुसतं फिरवा. चढतच राहिला तर विश्रांती. दौडीनंतर पुन्हा मोजायचं, की ठोके खाली यायला किती वेळ लागतो. शर्यतीतही तोच नियम आहे. दर टप्प्याला ठोके ठरलेल्या वेळात चौसष्टाच्या खाली आले नाहीत तर घोडं बाद.

शक्रा आली तेव्हा सकाळी चौतीस ठोके होते. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की हे आमच्या काकांच्या तंबूतलं काळीज आहे. पण महिनाभरात आकडा वर सरकलाय. आज एक्केचाळीस. काम मी बेताचंच देते आहे, ताप नाही, खाणं चांगलं आहे. जानेवारीच्या शेवटी मोठी शर्यत आहे, एकशेवीस किलोमीटर. अशा आकड्यानं तिला पळवलं तर ती मरेपर्यंत पळेल. तुमच्या घोड्यांना थांबणं माहीतच नाही.

तिला पूर्वी काही झालं होतं का? आठवून कळवा. विक्रीला मी जामीन राहिले आहे. तिच्यात काही खोट निघाली तर आधी माझ्याकडे बोट जाईल.

तुमची,
मिझना


सफावी
२४ नोव्हेंबर १९९९

माझ्या भावाच्या लेकीला, मिझनाला,

पत्र पोचलं. शेळ्यांना सलाम सांगितला, त्या खूश आहेत.

तुझ्या त्या पट्ट्याची हकीकत वाचून घास उतरेना. गेल्या साली मला मफ्रकच्या दवाखान्यात असाच पट्टा बांधला होता. डॉक्टर पोरगा म्हणाला, आजोबा, तुमचं हृदय थकलंय. मी म्हटलं, तुझ्या तोंडाकडे बघून कुणाचंही थकेल. घोडी ताजी आहे की नाही हे विचारायला यंत्र लागतं? कानामागं हात घाल. डोळ्यात बघ. वाळवंटातल्या बादिया पोलिसात मी एकवीस वर्षं उंट आणि घोडी वापरली, एकाला पट्टा बांधला नाही. संगमरवरावर घोडी उभी करणाऱ्या माणसांनी आता तिचं काळीजही मनगटावर बांधायचं ठेवलं. थू.

शक्राला कधी काही झालेलं नाही. धडधाकट आहे. पण या हिवाळ्यात तिला पळवू नको. का ते विचारू नको, मोठ्यांचं ऐकावं. नवा मुलूख, नवं पाणी, एक हिवाळा जाऊ दे. सातू वाढव, खजूर दे. आणि तंग फार आवळू देऊ नको, आपल्या घोड्यांना ते सोसत नाही.

मालकाला अधूनमधून आठवण देत जा की घोडी त्याची असली तरी रीतीप्रमाणे तिची पहिली दोन मादी शिंगरं माझी. शहरी माणूस झाला की रीत विसरतो. ओदेहबरोबर जमीद पाठवलं आहे, सुकवलेलं दही बघून तरी घराची आठवण येईल.

काका हायिल


उम्म-रिम्सची पागा
२० डिसेंबर १९९९

काका,

जमीद मिळालं. रोजा सोडताना पाण्यात विरघळवून प्यायले आणि जरा माणसात आले.

तुमचं ऐकलं नाही असं नाही. शक्राला दहा दिवस पूर्ण विश्रांती दिली, बुर्हानशी भांडून. थकलेल्या घोड्याला विश्रांती दिली की सकाळची नाडी उतरते, हे मी शिकले आहे आणि दरवेळी बघितलंही आहे. हिची उतरली नाही. चव्वेचाळीस झाली. रक्त तपासलं, त्यात काही नाही. बुर्हाननं सगळ्या मोतद्दारांसमोर मला विचारलं, "काय बाई, झोपून दमली का ती?" तंगाचं भोक एकानं पुढे सरकलंय. तो म्हणाला, तुझ्या विश्रांतीनं हिचं पोट सुटलं, आता उतरवायला पळवावंच लागेल.

मग तिला ऐंशी किलोमीटरच्या चाचणीत उतरवलं. मला विचारलं नाही. मी टप्प्यावर उभी होते. ती आली तेव्हा मान वरच होती, तुमच्या घरची खोड. पण ठोके खाली येईनात. मग बर्फ आणला. मानेवर, पायांमधून, पोटावर घमेल्यानं बर्फाचं पाणी. ती थरथरत होती आणि हे लोक हसत होते. आकडा त्रेसष्टावर आला त्या क्षणी तिला तपासणाऱ्यापुढे पळवत नेलं आणि पास करून आणलं. तंबूमागं मी पुन्हा मोजले, तर पंचाहत्तर. बुर्हान म्हणाला, तिथं आता कोण बघतंय?

सात नंबरचा गत आठवड्यात गेला. त्याची सकाळची नाडी पाच दिवस चढत होती, मी पाचही दिवस लिहून दिलं होतं. तो वाळूत बसला आणि उठलाच नाही. त्याच्या अंगावरून खोगीर काढताना बुर्हाननं आधी माझा पट्टा सोडवला. महाग आहे म्हणाला.  

आता सगळे म्हणतात, अकरा नंबरचा आकडा मुळातच जास्त असेल, बाईचं शास्त्र चुकतंय. मलाही तसंच वाटायला लागलंय, आणि त्याचीच भीती वाटते. यंत्र बिघडलं नाही, मी बाकीच्या घोड्यांवर रोज पडताळते. तेव्हा घोडीतच काहीतरी आहे जे मला दिसत नाही. काका, हात जोडून विचारते, काही असेल तर सांगा. शर्यत ईदनंतर तीन आठवड्यांनी आहे. कारण मिळालं तर मी तिला वाचवू शकते, कारणाशिवाय माझं कुणी ऐकत नाही.

मिझना


सफावी
२ जानेवारी २०००

मिझना,

मी एकदा सांगितलं, घोडीला काही नाही. साक्षीदारांसमोर सांगितलं तेच सांगतो. हायिलचा शब्द तुमच्या घड्याळासारखा दर सकाळी बदलत नाही.

पण तिला पळवू देऊ नको. तुझं कुणी ऐकत नसेल तर एक तोड सांगतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी पुढच्या उजव्या नालाखाली एक खडा बसव, हरभऱ्याएवढा. ती लंगडेल, लंगडं घोडं कुणी घेत नाही. दोन दिवसांनी खडा काढ. नालबंदाला काही दिलंस तर तोही गप्प राहील. दर शर्यतीला असंच कर, उन्हाळा येईपर्यंत.

हे पत्र वाचून जाळून टाक.

काका


उम्म-रिम्सची पागा
१२ जानेवारी २०००

काका,

जाळलं नाही. तीनदा वाचलं.

ज्या माणसानं शक्राच्या खुरात बाभळीचा काटा गेला म्हणून मला भर परीक्षेतून इर्बिदहून बोलावून घेतलं होतं, तो माणूस मला तिच्या नालाखाली खडा बसवायला सांगतो. दुसऱ्यांदा वाचताना मला राग आला. तिसऱ्यांदा वाचताना कळलं. मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि सगळे मोतद्दार ईदच्या मटणावर तुटून पडले होते तेव्हा तिच्याजवळ गेले. आत एक पाय माझ्या बोटांना लागला आणि त्यानं पाय आखडून घेतला.

सहा महिने उलटून गेलेत. म्हणजे जूनचा शेवट. मी ऑगस्टमध्ये मालकाच्या माणसांना घेऊन तुमच्या तंबूत आले, त्याच्या दोन महिने आधी. तुमचा काळा घोडा तेव्हा जिवंत होता. त्याचं शेवटचं बीज तुम्ही तिच्या पोटात घातलं आणि साक्षीदारांसमोर म्हणालात, घोडी रिकामी आहे, माझ्या मानेची शपथ. मी तिथंच बसले होते. तुमच्या हातची कॉफी माझ्या हातात होती. पहिली मादी तुमचीच व्हायची होती, तर मालक कुठला घोडा लावेल याची वाट कशाला बघायची, नाही का? त्यांच्या चंदीवर, त्यांच्या पागेत, तुमचा वंश फुकटात वाढवायचा.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. तंग आवळू नका म्हणे. सातू वाढव म्हणे.

आणि मी डॉक्टर म्हणवते. सकाळची नाडी चढते, विश्रांतीनं उतरत नाही, पोट सुटतं. शाळेतल्या पोरानं ओळखलं असतं. हिवाळ्यात घोडी तशीही माजावर येत नाही, म्हणून बाकीच्यांना शंका आली नाही. मला का आली नाही ते सांगते. तुम्ही रिकामी म्हणाला होतात. ज्यानं शब्द दिला त्याच्या घोडीत हात घालून बघणं म्हणजे त्याच्या तोंडात हात घालून दात मोजणं. आपल्यात ते कुणी करत नाही. मीही केलं नाही. चार महिने मी तिचं हृदय मोजत होते, ते दोघांसाठी धावत होतं आणि मी त्याला थकवा म्हणत होते. ऐंशी किलोमीटर तिला तसंच पळवलं. पोटावर बर्फ ओतला. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला जमीद पाठवलंत. ते जमीद मी काल बुर्हानच्या कुत्र्याला घातलं.

आता एकच वाट आहे. मी बोलले तर लोक म्हणतील, बाई नोकरी वाचवायला काकावर ढकलते. तुम्ही या. मालकाच्या मजलिसमध्ये, भरल्या बैठकीत बसा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा. मालक जुन्या वळणाचा आहे. विकणाऱ्यानं स्वतः येऊन कबूल केलं तर तो घोडीला हात लावू देणार नाही. शर्यत एकोणतीसला. ओदेह बावीसला परत निघेल, त्याच्याबरोबर या.

मिझना


सफावी
२० जानेवारी २०००

मिझना,

तुझ्या बापानं तुला शिकवलं ती चूक मी तेव्हाच सांगितली होती. काकाला असं कुणी लिहीत नाही. पण तू भावाची लेक, म्हणून गिळतो.

मी येणार नाही. साठ वर्षं ज्याच्या शब्दावर लोकांनी आपल्या मुली दिल्या, उंट दिले, तो परमुलखातल्या मजलिसमध्ये उभा राहून म्हणेल की मी खोटं बोललो? मग माझी मुलं कुणात बसतील? तुझ्या भावांना कोण मुलगी देईल? तू एकटीचा विचार करतेस.

माझा आजा गाभण घोड्यांवर चढून धाडी घालत असे. दिवस-रात्र पळत आणि वसंतात वीत. शक्रा त्याच वाणाची आहे. पळेल. फक्त स्वाराला सांग की शेवटी चाबूक नको. एकदा ही शर्यत गेली की उन्हाळा, मग सगळं आपोआप निस्तरेल. तू गप्प राहा, एवढंच कर. तोंड उघडून कुणाचं भलं होत नाही. तुझी नोकरी राहील, माझं नाव राहील, घोडीही राहील, अल्लाहची मर्जी असेल तर.

काळा घोडा गेला. त्याच्या वंशातलं माझ्या तंबूत आता एकही नाही. म्हाताऱ्याला एवढं तरी समजून घे.

काका


जरका
११ फेब्रुवारी २०००

काका,

ओदेह एकटा आला, तुमचं पत्र घेऊन. मी ते मालकाच्या मजलिसमध्ये घेऊन गेले नाही. तुमची ती धाडीची फुशारकी दुसऱ्यांना वाचून दाखवायची मलाच लाज वाटली. मी तोंडानं सांगितलं.

मालकानं विचारलं, "तुला माहीत होतं?"

म्हटलं, नाही.

"मग तपासलं का नाहीस? तुला आम्ही कशाला ठेवलंय?"

"काकांचा शब्द होता."

 बुर्हान हसला, टरफल त्याच्या ओठाला चिकटलेलं होतं. म्हणाला, "सोपं आहे. एक सुई मारू, पोट मोकळं होईल. आठवडाभर उभी ठेवू आणि मार्चमध्ये पळवू. तुझा आकडाही खाली येईल बाई, तुला आनंदच होईल."

काका, त्या क्षणी मला त्याची किळस आली, पण तुमची जास्त आली. तो जे आहे ते तोंडावर आहे. सुई मारायची सोय त्याला तुम्ही करून दिलीत. तुम्ही तिथं बसला असतात तर त्याला ते तोंडातून काढता आलं नसतं.

मी म्हटलं, सुई भरायची तर दुसरा डॉक्टर शोधा, आणि हाही विचार करा की पोटातलं शिंगरू सुई देऊन मारलं हे उद्या वाळवंटात लोक कसं सांगतील.  मालक हसला नव्हता. म्हणाला, तपासलं तर मीही नाही, त्याच शब्दावर. मग त्यानं रीतीप्रमाणे निकाल दिला. खोट्या शब्दावर झालेली विक्री मोडली. घोडी परत. विकणारा तोंड दाखवत नसेल तर किंमत जामिनानं, म्हणजे मी द्यायची आणि घोडी जामिनाची. ज्यानं खोटी शपथ घेतली त्याचा शिंगरांवरचा हक्क संपला. हे त्यानं मला उभं राहून म्हणायला लावलं, तुमच्या नावानं, तुमच्या बापाच्या नावानं. मी म्हटलं. 

नोकरी गेली हे वेगळं सांगायला नको. जिच्या घरच्यांचा शब्द फुटका तिला कुठली पागा ठेवेल? मी इथं जरकाला कोंबड्यांच्या शेडवर आहे. दिवसाला दहा हजार कोंबड्या बघते. घाण इतकी असते की भाकरीलाही वास येतो. पण इथं कुणी अत्तर शिंपडत नाही. शक्रा माझ्या मैत्रिणीच्या आईकडे, जेरशजवळच्या ऑलिव्हच्या बागेत आहे. किंमत मी कशी फेडते ते विचारू नका.

मिझना


सफावी
९ जून २०००

मिझना,

तू उत्तर देणार नाहीस म्हणून चार महिने लिहिलं नाही. ओदेहनं सगळीकडे सांगितलं. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तू मला लिहिलं नाहीस, तेवढी दया केलीस. आता मजलिसमध्ये कॉफीचा पेला माझ्यापर्यंत येतो तोवर गार झालेला असतो. माझ्या मुलाची, सत्तामची सोयरीक मोडली. मी तक्रार करत नाही. तू केलंस ते तुझ्या जागी बरोबर असेल.

दिवस भरून गेले असतील. मी बोटांवर मोजत बसतो. मला हक्क नाही, ठाऊक आहे. तुझ्याकडून शिंगरू मागत नाही. फक्त एक सांग. मादी झाली की नर? काळ्याचा रंग घेतलाय का? एवढं कळलं तर म्हातारा शांत मरेल.

काका हायिल


जरका
२३ जून २०००

काका,

शक्रा बरी आहे. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आधी तेच लिहिते. फार अवघड व्याली. शिंगराचा एक पाय मागं दुमडलेला होता, मी आणि त्या म्हातारीनं सकाळ होईपर्यंत ओढाताण केली. नंतर दोन दिवस ती उठेना. तिसऱ्या दिवशी उठली, पाणी प्याली, आणि म्हातारीच्या मुळ्याच्या वाफ्यात शिरून सगळा मुळा खाऊन टाकला. म्हातारी शिव्या घालत होती आणि मी रडत होते. आता सकाळी छत्तीस ठोके आहेत. ती आता कुणासाठी पळणार नाही.

तुमचं पत्र मी नीट वाचलं. त्यात काळा घोडा आहे, कॉफी आहे, सत्ताम आहे, तुम्ही आहात. ती जगली की मेली, हे कुठंही नाही.

शिंगरू तिच्या पोटाला टेकून उभं असतं. मादी की नर, काळं की तांबडं, हे मी लिहिणार नाही, आणि ओदेहलाही बागेत येऊ देणार नाही. तुम्ही तेवढंच विचारलंत, म्हणून तेवढंच सांगणार नाही.

मिझना